पावणेदहा

"टायरवरचा चिखल खोटा वाटतो," पावणेदहा म्हणाले आणि त्यांनी पाव मार्क कापला.

स्पर्धकाने आपलं विमान उचललं आणि तो निघून गेला.

हॉलच्या फरशीवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. अलीकडे परीक्षकांच्या दोन खुर्च्या, पलीकडे टेबल, आणि टेबलावर एकामागून एक येणारी छोटी विमानं. ती उडतात कशी ते उद्या मैदानावर बघायचं होतं. आज फक्त दिसतात कशी ते. स्पर्धकाने खऱ्या विमानाचा फोटो द्यायचा, परीक्षकांनी एकदा फोटो बघायचा, एकदा विमान, आणि जिथे फरक दिसेल तिथे मार्क कापायचे. फोटो नसेल तर विमान टेबलावर ठेवूच देत नसत.

पावणेदहा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इतकी वर्षं परीक्षक होते, पण दहापैकी दहा त्यांनी कुणालाच दिले नव्हते. "फोटो चुकत नाही, चुकतं ते विमान," असं म्हणून ते काहीतरी खोट काढायचेच.

आता मात्र त्यांना अशी खोट काढण्याचाच वीट आला होता. गुडघे धरले होते, डोळे चुरचुरत होते. ही आपली शेवटची स्पर्धा, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. बायकोचा अर्थातच विश्वास बसला नव्हता. मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, जाता जाता एकाला तरी दहा द्या. तुम्हाला एखादी गोष्ट पूर्ण आवडलेली मला एकदा बघायचीय."

ती हसत हसत बोलली, पण त्यांना ते लागलं. लहानपणी ती चित्रं काढून आणायची. घर छान आहे, दार वाकडं आहे, असं ते सांगायचे. पुढे तिने चित्रं दाखवणंच सोडलं.

म्हणून आज सकाळपासून ते दहा मार्कांचं विमान शोधत होते. उगाच कुणाच्या पदरात टाकायचे नव्हते, खरेखुरे द्यायचे होते. आणि सापडत तर नव्हतं.

"एकच राहिलंय," शेजारचे परीक्षक म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते आणि दुपारपासून जांभया गिळत, नातवाने एआयकडून बनवून घेतलेले गमतीदार फोटो मोबाइलवर बघत बसले होते. "उरकून टाकू या."

शेवटचं विमान एका पडदे शिवणाऱ्या बाईंचं होतं. टपाल नेणारं जुनं विमान, एकावर एक दोन पंख, शेपटी लाल. बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि फोटो पुढे केला. फोटो पिवळट पडलेला होता. विमान माजलेल्या गवतात उभं, मागचं सगळं धुरकट. पंखाच्या सावलीत एक काळं कुत्रं पसरलेलं.

"हे विमान आता कुठे असतं?" पावणेदहांनी विचारलं.

"भंगारात गेलं. मी लहान होते तेव्हा. वडील त्याच्यावर मेकॅनिक होते."

"तरी फोटो मिळाला म्हणायचा."

"सहज नाही मिळाला," बाई म्हणाल्या. "कितीतरी वर्षं खपले, तेव्हा कुठे हा फोटो हाती आला."

पावणेदहांनी खिशातून भिंग काढलं. फोटोतल्या पंखांमधल्या तारा बघितल्या, मग विमानाच्या. जुळल्या. अंगावरचे आकडे जुळले. इंजिनाखालचा तेलाचा ओघळसुद्धा जुळला. फोटोत शेपटीवर कापडाचं एक ठिगळ होतं आणि त्याचा एक टाका वाकडा पडला होता.

"शेपटी जरा आमच्याकडे करा."

बाईंनी विमान वळवलं. पावणेदहा खुर्चीतून पुढे वाकले. गुडघा कळवळला, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"वाकडा टाकासुद्धा सोडला नाहीत?"

"जसा पडला तसा राहू दिला," बाई म्हणाल्या.

"एकच गोष्ट कमी आहे." पावणेदहांना कधी नव्हे ती थट्टा सुचली. "कुत्रं कुठेय?"

बाईंनी फोटोकडे बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. "ते होय! ते आमचं नव्हे. फोटो काढताना आपलं आपण येऊन बसलं. नंतर गेलं कुठेतरी."

"कुत्र्याला मार्क नसतात," डॉक्टर म्हणाले. "आटपा आता."

पावणेदहांचं पेन नऊवर जाऊन थांबलं. हाताला सवय होती. मग त्यांनी तो नऊ खोडला आणि दहा लिहिले. आकडा जरा मोठाच पडला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

डॉक्टरांनी कागदात डोकावून बघितलं. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

निकाल लगेच जाहीर झाला. दहा म्हटल्यावर आधी कुणाला खरंच वाटेना, मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. बाई खाली मान घालून विमानाच्या पंखावरून हात फिरवत होत्या.

"वडिलांच्या मागे या विमानाचं घरात काही म्हणजे काही उरलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या आणि बक्षीस घ्यायला गेल्या.

पावणेदहांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

"दिले."

"काय दिले?"

"दहा."

"खरंच, बाबा?" मग ती लहानपणीसारखी ओरडली. "मला बघायचंय! विमान पाठवा, तो फोटोही पाठवा. आत्ता!"

तिने त्यांच्याकडे असं हट्टाने काही मागितलं, त्याला युगं लोटली होती. पावणेदहांनी मोबाइलवर विमान टिपलं. मग टेबलावर राहिलेला फोटो जवळून टिपला. मुलीला कुत्र्यांचा भारी लळा होता, तिला ते कुत्रं नीट दिसावं म्हणून त्यांनी पडद्यावर दोन बोटं ठेवून चित्र ताणलं.

कुत्र्याला सहा पाय होते.