चौथा पेला

"डोळे मिटा," म्हणत सुमेधाने नवऱ्यापुढे व्हिस्कीचे चार पेले मांडले.

टिपणीस पंचवीस वर्षं कारखान्यात व्हिस्की पारखत होते. गेल्या वर्षी तापानंतर त्यांना वास येईनासा झाला आणि कंपनीने त्यांना गोदामात बसवलं. डॉक्टरांनी रोज वास घेत राहायला सांगितलं होतं, पण त्यांनी उमेदच सोडली. शेवटी आज सुमेधाच आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात जाऊन आली होती.

पहिली व्हिस्की मक्याची होती, व्हॅनिलासारखी गोडसर. त्यांनी हुंगली. "पाणी."

दुसरी शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली, मनुकांच्या वासाची. "हेही पाणीच." तिसरीला त्यांनी नुसती मान हलवली.

चौथा पेला नाकाशी नेताच ते थबकले. त्यांनी पुन्हा हुंगून पाहिलं.

"सुमेधा, कुणी बंब पेटवलाय का गं?"

"नाही हो! ही धुरावर वाळवलेल्या जवाची आहे!" तिचा आवाज चिरकला.

टिपणीस मोठमोठ्याने हसत सुटले. सुमेधाने कुतूहलाने त्याच पेल्यातला एक घोट घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"शी! ह्याच्यासाठी वर्षभर तोंड पाडून बसला होतात?"