नावापुढची पदवी

दशक्रियेच्या पत्रिकेवर बायकोच्या नावापुढे तिची पदवी छापायची, हे तात्यांनी ठरवूनच ठेवलं होतं.

"काकू बी.ए. होत्या की बी.कॉम.?" छापखानेवाल्यानं विचारलं.

पन्नाशीनंतर ती मुक्त विद्यापीठात शिकत होती, पण कशाचा अभ्यास करते हे तात्यांनी कधी विचारलंच नव्हतं. उलट चिडवायचे, "बाईसाहेब, अभ्यास झाला असेल तर चहा टाका."

ते घरी जाऊन तिचं पुस्तक घेऊन आले. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आत तिचं अक्षर: यमुना, बी.ए., तृतीय वर्ष.

"तात्या, म्हणजे शेवटची परीक्षा राहिलीच. पदवी कशी छापू?"

तिनं दुमडलेलं पान तसंच ठेवून तात्यांनी पुस्तक मिटलं.

"मग विद्यार्थिनी छाप. ती तर होतीच ना?"