वरच्या तळ्याकाठी

वरून पुन्हा हसण्याचा आवाज आला. आधी ॲनेटचा, मग रसेलचा.

डोरीन वळणावर थांबली. रसेल तिचा नवरा. घरी टीव्हीवर कितीही विनोदी काही लागलं तरी नाकातून हवा सोडल्यासारखं करायचा, बस. हे पोटातून आलेलं हसू तिने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

"एवढं काय सांगत असेल तो तिला?" ती म्हणाली.

मागून येणारा लायल एका बुंध्यावरच्या अळंब्यांचा फोटो काढत होता. लायल म्हणजे ॲनेटचा नवरा. दर वर्षी थंडीच्या तोंडावर सुयांसारख्या पानांची लार्चची झाडं पिवळी झाली की ही दोन जोडपी याच डोंगरात एक केबिन भाड्याने घेत आणि दिवसभर भटकत. निघताना चौघं बरोबर असायची. पहिल्या चढालाच जोड्या बदलायच्या. रसेल आणि ॲनेट पुढे, ही दोघं मागे.

"अस्वलाची गोष्ट असेल," लायल म्हणाला. "ते मोजे घेऊन पळालं होतं ती."

"ती तिने दहादा ऐकलीय."

"मग अकराव्यांदा हसत असेल."

डोरीनला हसू आलं नाही. सकाळचा ओढा तिच्या डोक्यातून जात नव्हता. ओढ्यावर एक खोड आडवं पडलेलं होतं. रसेलने पलीकडे जाऊन ॲनेटला हात दिला होता. उन्हाळाभर कडे चढणारी बाई ती, तिला हाताची काय गरज? आणि तिनेही तो घेतला होता. डोरीन खोडापाशी पोचली तोवर दोघं पलीकडच्या झाडीत दिसेनाशी झाली होती. मग ती खोडावर बसली, पाय दोन्हीकडे सोडले आणि सरकत सरकत पलीकडे गेली.

"तुला काहीच वाटत नाही?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"जाऊ दे."

लायलने फोन खिशात टाकला. "वाटतं की," तो म्हणाला. "म्हणून तर फोटो काढतो."

पुढच्या वळणानंतर वरचा आवाज बंद झाला. हसणं ऐकू येत होतं तोवर ती दोघं कुठे आहेत याचा निदान अंदाज होता. आता नुसता वारा. डोरीन भराभर चालायला लागली. लायल मागून "अगं, हळू, हळू" म्हणत राहिला. तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही. मनात तिने सगळं पाहून टाकलं होतं. त्याचा हात, तिचा खांदा, हाक आली की घाईघाईने बाजूला होणं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. तिथल्या तिथे बोलायचं, लायलच्या देखत. मग परतीचा सहा तासांचा प्रवास चौघांना एकाच गाडीतून करायचाय, त्याचं जे व्हायचं ते होवो.

झाडी संपली आणि खाली तळं दिसलं. काठावरच्या सपाट खडकावर दोघं बसली होती. मध्ये चांगलं हातभर अंतर. रसेल चाकूने सफरचंद कापत होता. एक फोड त्याने तोंडात टाकली, दुसरी न बघताच बाजूला धरली. ॲनेटने ती न बघताच घेतली. दोघं पाण्याकडे बघत होती. कुणी काही बोलत नव्हतं, आणि बोलायला हवं असंही त्यांना वाटत नव्हतं.

डोरीन जागच्या जागी उभी राहिली. बाकी सगळ्याची तिची तयारी होती. याची नव्हती.

लायल येऊन तिच्या शेजारी थांबला. त्याने खिशातून फोन काढला नाही.

"माझ्याजवळ असली की अखंड बोलत असते," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटायचं, स्वभावच आहे तिचा."

मग डोरीनने हाक मारली. "रसेल!"

खालच्या दोघांनी वळून पाहिलं. दचकली असती तर डोरीनला बरं वाटलं असतं. दोघांनी मोकळेपणाने हात हलवले.

"आली का आमची कासवं!" ॲनेट उठलीच. "लायल, चल, तुला गंमत दाखवते. अरे, केवढा मासा होता माहितीये? आणि ते बूट तू परत ओले केलेस ना? सांगितलं होतं मी तुला..." त्याच्या बाहीला धरून ती त्याला काठाकाठाने घेऊन गेली. बराच वेळ तिचा आवाज पाण्यावरून येत राहिला.

डोरीन ॲनेटच्या जागेवर बसली. रसेलने तिला पाण्याची बाटली दिली आणि बोलायला सुरुवात केली. वाटेत गरुड दिसला. पाणी गेल्या वर्षीपेक्षा कमी वाटतंय. गाडीचं मागचं चाक एकदा बघायला हवं. संध्याकाळी चूल पेटवायला लाकडं पुरतील की नाही कोण जाणे. तुझ्या बहिणीला फोन करायचा राहिला.

"रसेल," ती म्हणाली, "जरा गप्प बसू या ना. नुसतंच."

तो गप्प बसला. दोघं पाण्याकडे बघू लागली. वारा आला तशा लार्चच्या पिवळ्या सुया पाण्यावर पडल्या आणि काठाकडे सरकू लागल्या. डोरीनने श्वाससुद्धा जपून घेतला.

रसेलने घड्याळ पाहिलं. बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग तिच्याकडे वळून, तिचा चेहरा निरखत त्याने विचारलं,

"काय झालं? माझं काही चुकलं का?"