सकाळचा एकच फेरा

संडासाला कुलूप लावण्यात नथ्थूचा फायदाच फायदा होता. आत मोहफुलांची सहा पोती. तिथे उंदीर शिरत नव्हता, ओल येत नव्हती आणि मुख्य म्हणजे धाकटा भाऊ सुकलू मूठमूठ चोरू शकत नव्हता. भाव चढेपर्यंत किल्ली नथ्थूच्या करगोट्याला.

"नथ्थूभाऊ, सून पाच महिन्यांची पोटुशी हाये. ते मोहा काढा ना आतून," गावात आरोग्याचं काम पाहणारी आशाताई चंचलबाई दारातूनच म्हणाली.

"आमच्या सात पिढ्या जंगलातच बसल्या, बाई."

"वाघ तुमच्या सात पिढ्याले ओळखते का?"

नथ्थू खो-खो हसला. किल्ली जागची हलली नाही.

नाल्याकडे वाघ फिरू लागल्यापासून बायका दिवसातून एकदाच जात. उजाडल्यावर, घोळक्यानं, थाळ्या वाजवत. पुनमनं, नथ्थूच्या सुनेनं, त्यात आपला हिशेब बसवला. दुपारनंतर पाणी प्यायचं नाही. लघवी आलीच तर सकाळपर्यंत दाबून धरायची. घरात सासू नव्हती, नवरा बल्लारपूरला कामावर. सासऱ्याजवळ असली किल्ली मागणार कशी?

मग लघवीला आग होऊ लागली. उन्हाळी लागली म्हणून ती धने भिजवलेलं पाणी प्यायली. तेही दोनच घोट. कमरेच्या वर, पाठीत कळ भरली. थंडी वाजून ताप चढला.

"हिवताप हाये, पोरी. उतरते तीन दिवसांत," म्हणत नथ्थूनं मागच्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या दिल्या.

चौथ्या दिवशी ती बरळू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी लघवीची बाटली उजेडात धरली. गढूळ, तांबूस.

"मूत्रपिंडात पू झालाय. जंतू रक्तात पसरलेत. किती दिवसांपासून लघवी रोखून धरत होती?"

चंचलबाईनं नथ्थूकडे पाहिलं. "वाघ आला तवापासून, साहेब."

नथ्थूनं करगोट्याची किल्ली सोडली आणि पुनमच्या तळहातावर ठेवली. मूठ मिटली नाही.

पुनमच्या तेरवीनंतर वनरक्षक बिरजू वाघाचं नुकसान लिहायला गावात आला. पंच म्हणून नथ्थूच समोर बसला.

"गोऱ्हा एक, शेळ्या तीन," बिरजूनं लिहिलं. "माणूस?"

"नाई जी," नथ्थू म्हणाला.

बिरजूनं माणसांपुढे शून्य मांडलं आणि खाली नथ्थूचा अंगठा घेतला.