काजळाची खूण

तिसऱ्यांदाही रायफल नव्या लाकडी दस्त्यात अर्ध्यावरच अडली. रऊफने ती हलकेच उचलून बाजूला ठेवली आणि लाकडातल्या खाचेकडे पाहिलं. मागच्या स्क्रूचं भोक दीड मिलिमीटर सरकलेलं होतं.

"डब्यावर तं लिहिलं हाय, थेट बसते म्हणून," दारातल्या स्टुलावरून जानराव म्हणाला.

"डब्यात बसला होता ना बरोबर," रऊफ म्हणाला.

जानराव हसला नाही. शेलूबाजारच्या हायवेवर त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, रऊफच्या सुतारकामाच्या दुकानाला लागूनच. मध्ये एक टिनाचा पत्रा. नंबर जुळला की बेअरिंग बसतं, ही जानरावाची वीस वर्षांची खात्री. मुलीच्या एअर रायफलीचं मॉडेल त्याने ऑनलाइन दस्त्याच्या वर्णनाशी तीनदा ताडून पाहिलं होतं. मगच तो मागवला होता.

वैष्णवी, त्याची मुलगी, भिंतीला टेकून उभी होती. रविवारी नागपूरला राज्याच्या संघाची निवड होती आणि आज गुरुवार होता. गेल्या वर्षी ती दोन गुणांनी हुकली होती. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. दोन महिन्यांपासून तिचे गुण घसरत चालले होते. जुना दस्ता गालाला बसत नाही, असं ती म्हणत होती. तो जुना दस्ता कोपऱ्यात उभा होता. सकाळी रऊफने तो उलटसुलट करून पाहिला होता. कुठे चीर नाही, कुठे पीळ नाही. पण गाल तिचा, नेम तिचा. त्याने विचारलं नाही.

त्याने बायकोची, जुबेदाची काजळाची डबी पुढे ओढली. ही त्याच्या अब्बांची पद्धत. लोखंडाला काजळ चोळायचं, खाचेत दाबायचं, सरळ उचलायचं. लाकडावर जिथे काळं उमटलं, तिथेच ते जास्त आहे. तेवढंच पटाशीने काढायचं, त्याच्या बाहेर हात लावायचा नाही.

"नवा पार्ट हाय, अन् तुमी त्याले खरवडून राह्यले," जानराव म्हणाला.

"जानरावभाऊ, एक रेडिमेड दरवाजा मले आजवर रंधा न लावता बसवता आला नाई. तुमी बेअरिंग विका."

शेजारी गिऱ्हाइकाने हाक मारली तेव्हा जानराव उठून गेला. दुपारपर्यंत अकरा वेळा काजळ लागलं, अकरा वेळा लाकूड निघालं. शेवटी रायफल खाचेत उतरली ती आवाज न करता. रऊफने स्क्रू कसले. लोखंड आणि लाकडामध्ये फट उरली का, म्हणून एसटीचं तिकीट चारी बाजूंनी सरकवून पाहिलं. ते कुठेच शिरलं नाही.

"घे. आता बघ."

मागच्या भिंतीवर त्याने काळा ठिपका काढून ठेवला होता. वैष्णवीने रिकामी रायफल खांद्याला लावली. नेम धरताना डावा डोळा झाकायची पट्टी रायफलीवर नव्हती. घरी राह्यली, असं ती सकाळीच म्हणाली होती.

"गालापाशी उंच हाय, चाचा."

त्याने कानस घेतली, गाल टेकतो तिथलं लाकूड उतरवलं. तिने पुन्हा नेम धरला.

"अजून थोडं."

त्याने अजून थोडं उतरवलं. मग अजून थोडं. चौथ्यांदा कानस टेकवताना त्याचा हात थांबला. आत एक स्क्रू होता आणि वर जेमतेम तीन मिलिमीटर लाकूड उरलं होतं. एवढा वेळ तो फक्त लाकडाकडेच बघत होता.

"थांब. इथंबी काजळ लावतो. गाल नेमका कुठं टेकते ते दिसन."

"कायले चाचा? तोंड काळं होईन."

"धुता येते. नेहमी धरते तसा नेम धर."

तिने जरा वेळ लावला. मग मान वाकवली, श्वास सोडला, नेम धरला, आणि डोकं उचललं.

रऊफने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रायफल उजव्या खांद्याला होती, पण उजवा गाल कोरा होता. काजळ उमटलं होतं ओठांच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत. तिथे लाकूड टेकायचं तर मान दस्त्याच्या पार पलीकडे न्यावी लागते. म्हणजे डावा डोळा नेमावर येतो.

त्याने एक तळहात तिच्या डाव्या डोळ्यापुढे धरला. दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली.

"किती?"

तिने रायफल खाली घेतली.

"वैष्णवी. किती?"

"नुसता उजेड दिसते," ती म्हणाली.

पलीकडून पत्र्यावर थाप पडली. "काहून कानस बंद पडली, रऊफभाई? बसला काय?"

ओला फडका तिच्या हातात देत रऊफने हळूच विचारलं, "कवापासून?"

तिने काजळ पुसलं. ते निघालं नाही, पसरलं.

"जुना दस्ता बसंना झाला तवापासून," ती म्हणाली. "बाबाले रविवारनंतर सांगीन. तुमी अजून थोडं घासा ना, चाचा."

रऊफने कोपऱ्यातल्या जुन्या दस्त्याकडे पाहिलं, हातातल्या नव्याकडे पाहिलं. मग नवा दस्ता त्याने बाजूला ठेवला, खालचा एक टाकाऊ ठोकळा उचलला आणि पत्र्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोराने त्याच्यावर कानस ओढायला लागला.