शून्य पादचारी

"पादचारी, शून्य," मुख्य अभियंत्याने वाचलं आणि तक्ता टेबलावर उपडा ठेवला. "तीन दिवस मोजणी केली. सकाळी सात ते संध्याकाळी सात. या रस्त्याने एकही माणूस चाललेला नाही. मग पदपथ बांधायचा तो कोणासाठी?"

सभागृहात कुजबुज झाली. सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या रांगेतल्या मोजणीवालीकडे वळल्या. रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून, डोक्यावर छत्री धरून तिन्ही दिवस तीच बसली होती. तक्त्याखाली सहीही तिचीच होती.

रस्ता वस्तीपासून दवाखान्यापर्यंतचा, दीड किलोमीटरचा. त्याच्या कडेला अठरा फुटांची मोकळी पट्टी होती. तिथे एक तर गाड्यांसाठी तिसरी मार्गिका होणार होती, नाहीतर झाडांच्या सावलीतला पदपथ. आजच्या सुनावणीत त्याचा फैसला होता. या शहरात बिनगाडीच्या माणसाला कोणी हिंग लावून विचारत नसे, त्यामुळे फैसला काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पदपथासाठीची झाडं मोजणीवालीच्या सासऱ्यांनी वाढवली होती. जन्मभर माळीकाम केलेला माणूस. इथल्याच मातीत आपोआप उगवणाऱ्या झाडांचं बी गोळा करून दोन वर्षांत त्यांनी गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत, तीनशे रोपं तयार केली होती. टँकरच्या पाण्यावर पोसलेली हिरवळ त्यांना डोळ्यांसमोर नको असे. "पावसाचं पाणी मुळाशी जिरवा, पुढचं झाड बघून घेतं," असं ते येईल त्याला सांगत.

सोमवारी कचेरीने ते शून्य फलकावर लावलं, आणि सासऱ्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. ताटावर बसायचे, जेवायचे, मुकाट्याने उठायचे. शेजारीण तर तिला तोंडावर घरभेदी म्हणाली. मोजणीवालीला रडू यायचं, तेही रागाने. पण सुनावणीपर्यंत तक्त्यातलं अक्षर बाहेर सांगणार नाही असं तिने लिहून दिलं होतं, आणि दिलेला शब्द पाळायची तिला वाईट खोड होती.

आता सुनावणी सुरू झाली होती. ती उठली आणि समोर बसलेल्या अध्यक्षबाईंकडे वळली.

"मॅडम, साहेबांनी तक्ता अर्धाच वाचलाय. उरलेला मी वाचते."

"त्याची काही गरज नाही," अभियंता म्हणाला. "आणि बाई, तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय, लक्षात आहे ना?"

"आहे की, साहेब. म्हणून तर आजच बोलते. पुढच्या महिन्यात मला इथे कोण उभं करणार?"

अध्यक्षबाईंनी तक्ता तिच्याकडे सरकवला. तिने तो सुलटा केला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं.

"अडथळे, चार हजार दोनशे सोळा."

अभियंत्याचा चेहरा खुलला. "तेच तर मी म्हणतोय. वाहतुकीला इतके अडथळे असतील तर रस्ता रुंद करायलाच हवा."

"पण अडथळे म्हणजे नेमकं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

अभियंता फाइल चाळायला लागला. मोजणीवालीला नियमपुस्तिका पाठ होती.

"पदपथावरून चालेल तो पादचारी, मॅडम. पदपथच नसेल, तर चालणारा माणूस अडथळ्यात धरायचा. भटकी कुत्री आणि बंद पडलेल्या गाड्याही त्यातच. कुत्री अकरा होती, गाड्या पाच. बाकीचे चार हजार दोनशे शाळेत, कामावर नाहीतर दवाखान्यात चालले होते."

अध्यक्षबाईंनी अभियंत्याकडे बघितलं.

"नियम आहे तो," अभियंता म्हणाला. "मी नाही केलेला."

"मीही नाही केला, साहेब. पण पाळला. एक माणूस इकडचा तिकडे केला नाही." मग ती मागच्या रांगांकडे वळली. "आज इथे जे चालत आलेत, त्या सगळ्या अडथळ्यांनी उभं राहावं."

मग सासरे पुढच्या खुर्चीला धरून, गुडघे सांभाळत उठले.

"मी अडथळा, सूनबाई," ते म्हणाले. पाच दिवसांत तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

शेजारीण उठली, मान खाली घालून. तिच्यामागून रांगच्या रांग उठली. खुर्च्यांचा असा खडखडाट झाला की अध्यक्षबाईंनी निर्णयाच्या कागदावर टेकवलेलं पेन उचलून घेतलं.

"खाली बसा," अभियंता ओरडला. "ही सुनावणी आहे, मोर्चा नाही."

कोणी बसलं नाही. चालत येऊन नुकतेच दरवाजाशी पोचलेले दोघेही वाट काढत आत येऊन उभे राहिले. तेव्हा अभियंत्याने वळून न बघताच, आपल्या खुर्चीमागे बसून वृत्तान्त लिहिणाऱ्या कारकुनाला बजावलं, "यातलं काहीही लिहायचं नाही."

"लिहावं लागेल, साहेब," कारकून म्हणाला, आणि आवाज इतक्या उंचावरून आला म्हणून साहेबांनी मागे बघितलं, तर तोही उभा होता.