पहिल्या हाकेला ओ

प्रताप नगरातल्या गिरजाबाईंच्या घरात नियम होता: बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो.

सून अंजूनं इंटरनेटच्या तारेला एक डबी जोडली होती. टीव्ही, मोबाईल, नातीच्या पाळण्यावरचा कॅमेरा, कोणाचंही नाव घेतलं की डबी त्याचा नेटवरचा पत्ता सांगायची. ती परक्यालाही सांगते का, हे बघायला अंजू भरदुपारी फाटकाबाहेर उभी राहून मोबाईलच्या नेटवरून विचारत होती.

"आई, डबी बाहेरही उत्तर देऊन राहिली!"

"काहून वं? तुह्या माहेरची हाये का ते, कोणालेही ओ द्याले?" खिडकीतून गिरजाबाई करवादल्या आणि त्यांनी डबीच्या तारा उपटल्या. "आता विचार."

"आताही दिलं."

गिरजाबाईंनी डबी उचलून पाहिली. दिवा विझलेला होता. आतल्या खोलीत नात झोपली होती.

"पुन्हा विचार," त्या हळूच म्हणाल्या.

अंजू मोबाईलकडे बघतच राहिली.

"आई, मी अजून विचारलंच नाही. पाळण्याचा पत्ता येऊन राहिला. पोरीले उचला, आई. आत्ताच्या आत्ता उचला."